थंडीतला चुना

भिंत अशी कोसळत नाही, यागोदा.
तुझ्या पडद्यावर ती बिस्किटासारखी मोडते,
एक दगड, दुसरा दगड, धुरळा,
आणि एकदम मोकळं मैदान.
खरी भिंत आधी पोट काढते.
आतला भराव सरकू लागतो तेव्हा
विटांमधून जात्याचा आवाज येतो,
हात लावून ऐकलाय मी.

सव्वीस वर्षं नोगातच्या काठी
त्याच किल्ल्याच्या विटा बदलतोय.
दिवसा मी हातभर तट उभा करतो,
रात्री तू अख्खा पाडतेस.
या घराचा हिशेब जुळायचा कसा?

आज तुझ्या वेढ्याचा बारावा दिवस.
खंदकाच्या अलीकडे दमदमा रचलायस,
त्यावर चार गोफणयंत्रं,
चाकांवरच्या लाकडी मनोऱ्याला ओली कातडी
(हे कुणी शिकवलं तुला?)
आणि समोरचा किल्लेदार म्हणे ब्रागाचा कुणी पोरगा,
नाव 'उपाशी कोल्हा', एवढंच माहीत.
मध्यरात्री त्यानं चोरदिंडीतून घोडेस्वार काढले,
तुझी दोन यंत्रं जाळली.
तू हसलीस.
मार्चनंतर पहिल्यांदा.

मार्चमध्ये तुझी आई बर्गेनला गेली,
मासे साफ करायचं काम आहे म्हणाली.
तेव्हापासून या खोलीला आतून कडी.
मी शिडी लावली नाही, ढवा घातला नाही.
उंबऱ्याशी ताटली ठेवायचो,
पिएरोगी, वर तळलेला कांदा,
आणि जिन्यात बसून राहायचो
ताटली आत सरकल्याचा आवाज येईपर्यंत.
वेढ्यात रसद तोडायची असते म्हणतात.
मला उलटंच जमलं.

आज तूच कडी काढलीस.
"तातो, सुरुंग कुठे लावू?"

मी स्टूल ओढलं. चष्मा पुसला.
बुरूज सोड, म्हटलं, गोल अंगावरून मार निसटतो.
दरवाजाही सोड, तिथे सगळे जागे असतात.
जिथे वीट जरा जास्तच नवी दिसते,
जिथे दर्जा फार सरळ आहेत,
तिथे कुणीतरी एकदा हरलेलं असतं
आणि कुणीतरी घाईनं शिवलेलं असतं.
तिथे खण.
लाकडाचे टेकू दे, डुकराची चरबी ओत, पेटव,
आणि मागे वळून न बघता पळ.

"तुला कसं माहीत?"

तटाचा एक तुकडा किंचित फिका होता.
मी त्यावर बोट ठेवलं
आणि बोट तिथून हलेना.

आपल्या किल्ल्यात, वायव्येला, सातव्या चर्येखाली.
नोव्हेंबर होता. पारा शून्याखाली चार.
मुकादम लुबोमीर म्हणाला, उद्या पाहणी आहे, उरक.
गारठ्यात चुना धरत नाही, शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.
मी लावला.
किल्ल्याला चुना लावला, असंच म्हण.
वरून सगळं साजरं. अकरा वर्षं झाली.
लोक तिथेच पाठ टेकून फोटो काढतात.
मी पलीकडच्या वाटेनं जातो.

तू पडद्यावरची नजर काढली नाहीस.
खाली तुझा बोगदा जळत होता.
"पडेल ती?"
"आज नाही."
"मग कधी?"
मला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात तुझी भिंत गेली, बिस्किटासारखीच.
कोल्ह्यानं लिहिलं, शाबास, पुन्हा खेळूया?
तू उत्तर दिलं नाहीस.
जिंकलेल्या गडात बर्फ पडत होता,
खेळातला बर्फ, आवाज नसलेला.
चाळीस दगड, वीस पोती चुना, दुरुस्ती करायची का,
असं काहीसं विचारणारी चौकट उघडली.
तुझं बोट तिच्यावर गेलं
आणि थांबलं.

"एप्रिलपर्यंत राहू दे," म्हणालीस,
आणि त्या भगदाडात
पहाऱ्याला तीस भालाईत उभे केलेस.